वाचकांचे प्रश्न : बाळ हलत होतं म्हणून डॉप्लर परत का करतात?

मागच्या अंकात गरोदरपणातल्या सोनोग्राफीवर थोडं लिहिलं होतं, त्यानंतर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडून प्रश्न आले आणि त्यातले बरेचसे कलर डॉप्लरचे, म्हणजे रक्तवाहिन्यांतलं रक्त कसं वाहतंय ते बघणाऱ्या सोनोग्राफीचे. मी रोज हेच काम करते, त्यामुळे ह्या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त डॉप्लरचेच प्रश्न घेतेय. पत्रं थोडी कमी केली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मला 33वा आठवडा चालू आहे. बाळाचं वजन जरा कमी दिसतंय म्हणून आमच्या मॅडमनी कलर डॉप्लर सांगितला. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी खूप वेळ प्रोब फिरवला, मग म्हणाल्या बाळ फार हलतंय, बाहेर बसा, अर्ध्या तासाने परत बघू. दुसऱ्यांदा नाळेचा पीआय 0.98 आला आणि रिपोर्टमध्ये तोच लिहिलाय, पण पहिल्यांदा स्क्रीनवर 1.31 होता, मी स्वतः पाहिला. सासूबाई म्हणतात बिल वाढवायचे धंदे आहेत, हे म्हणतात मशीन खराब असेल. मला तर झोपच येत नाहीये. खरा आकडा कोणता धरायचा?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, रिपोर्टमध्ये लिहिलाय तोच धरा, 0.98. आणि मशीन खराब नाही, त्या डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बसवलं हे अगदी बरोबर केलं, सासूबाईंनाही हे वाचून दाखवा.

आता का ते सांगते. डॉप्लरमध्ये आम्ही बाळाच्या रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग बघतो. प्रत्येक ठोक्याला वेग झपकन वर चढतो आणि पुढचा ठोका यायच्या आत हळूहळू खाली उतरतो, स्क्रीनवर एकामागे एक डोंगरासारख्या लाटा दिसतात. सगळ्यात जास्त वेगातून सगळ्यात कमी वेग वजा करायचा आणि सरासरी वेगाने भागायचं, आला तो पीआय, म्हणजे पल्सॅटिलिटी इंडेक्स. नाळेच्या धमनीतून रक्त बाळाकडून वारेकडे, म्हणजे प्लॅसेंटाकडे जातं, वार मोकळी असेल तर ठोका संपतानाही रक्त पुढे जात राहतं आणि पीआय कमी येतो, वारेत अडथळा असेल तर शेवटचा वेग पडतो आणि पीआय वाढतो. 33 आठवड्यांना साधारण 0.9 ते 1 च्या आसपास असतो आणि 1.2 च्या वर जायला लागला की आम्ही नीट लक्ष देतो, वेगवेगळ्या तक्त्यांमध्ये थोडा फरक असतो.

पण हा सगळा हिशोब एक गोष्ट गृहीत धरून केलेला आहे, की बाळ त्या वेळी शांत आहे. जिना धावत चढून आलेल्या माणसाचं बीपी घेतलं तर जसं होईल तसंच हे आहे, आकडा खोटा नसतो पण तो वारेबद्दल काही सांगत नाही.

बाळ पोटात नुसतं लाथा मारत नाही, ते श्वासाचा सरावही करतं. हवा नसते तिथे, पण छाती आणि छातीखालचा पडदा हलत असतो, शेवटच्या तीन महिन्यांत दिवसातला साधारण 30 टक्के वेळ हे चालू असतं आणि फुफ्फुसं वाढायला ते लागतंच. आता प्रत्येक श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमीजास्त होतं आणि मग प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणारं रक्तही कमीजास्त होतं. स्क्रीनवर हे लगेच कळतं, एक लाट उंच, पुढची बुटकी, तिसरी मधलीच, आणि रेषेच्या दुसऱ्या बाजूला नाळेच्या शिरेचा जो पट्टा एरवी सपाट वाहत असतो तो पण वरखाली लहरायला लागतो. शिरेचा पट्टा लहरताना दिसला की मी तर सरळ हात थांबवते, कारण त्यातल्या कुठल्या दोन-तीन लाटा पकडल्या त्यावर पीआय ठरणार, मशीन आपलं आकडा देऊन मोकळं होतं. तुमचा 1.31 असाच कुठूनतरी आला असावा असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट हृदयाच्या ठोक्यांची. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात, बाळ हललं की वाढतात. ठोके भरभर पडले की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, वेग पूर्ण खाली उतरायच्या आत पुढचा ठोका येतो, म्हणून पीआय कमी दिसतो. ठोके मंद झाले की उलट, वेग खालपर्यंत उतरतो आणि पीआय जास्त दिसतो. म्हणजे हलणाऱ्या बाळाचा आकडा नेहमी खराबच येईल असं नाही, खराब असताना चांगलाही दिसू शकतो आणि मला ह्या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते, कारण खराब आकडा आला तर सगळे धावपळ करतात, परत तपासतात, पण चांगला आला की कोणी परत बघत नाही, रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि घरी पेढे येतात.

म्हणूनच जगभरातले सोनोग्राफीचे नियम स्पष्ट सांगतात की बाळ हलत नसताना आणि श्वास घेत नसतानाच मोजायचं, किमान तीन तरी एकसारख्या लाटा ओळीने मिळाल्या पाहिजेत. गरज पडली तर आईलाही थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात, तुम्हाला सांगितलं असेल बघा. आणि अर्धा तास का, तर बाळाची झोप साधारण 20 ते 40 मिनिटांची असते, जाग, झोप, जाग असं चालू असतं, त्यामुळे अर्ध्या तासात बहुतेक बाळं एकदा तरी शांत होतात.

आता एक सावधगिरी, कारण हे वाचून कोणी उलटंच धरून बसेल. शांत बाळात, नाळेच्या मोकळ्या तुकड्यात, परत परत बघूनही पीआय जास्तच येतोय किंवा ठोक्याच्या शेवटी रक्त थांबतंय किंवा उलटं जातंय, तर ते "बाळ हलत होतं म्हणून आलं असेल" असं म्हणून सोडायचं नाही, अजिबात नाही. तिथे तुमच्या डॉक्टर सांगतील तसं आणि सांगतील तेव्हा जायचं, लग्नकार्य असलं तरी. तुमच्या बाबतीत आकडा ठीक आहे, पण वजन कमी आहे म्हणून डॉप्लर सांगितला होता, ते कारण अजून तसंच आहे, तर पुढची तारीख चुकवू नका.

प्रश्न : सूनबाईला सकाळी दहाची वेळ होती. मी तिला पोटभर पोहे-जलेबी खाऊ घालून पाठवलं, उपाशीपोटी कसं पाठवायचं पोटुशी बाईला? तिथे बाळ शांतच होईना, दोनदा परत बोलावलं. आता शेजारच्या म्हणतात काही खाऊ न घालता न्यायचं असतं. माझं चुकलं का?
— एक आजी होणाऱ्या, रामबाग, इंदूर

उत्तर : काकू, तुमचं काही चुकलं नाही. उपाशी न्यायचं नाही, शेजारणींना सांगा. पोटाच्या सोनोग्राफीला, म्हणजे पित्ताशय वगैरे बघायचं असेल तेव्हा उपाशी बोलावतात, त्याची गफलत होते लोकांची. गरोदर बाईला आणि त्यातून शुगर असेल तर उपाशी ठेवणं धोक्याचं.

इतकं मात्र खरं की आईच्या रक्तात साखर वाढली की बाळाच्या श्वासाच्या हालचाली वाढतात, जेवणानंतर दोन-तीन तासांत तर जास्तच. तेव्हा जलेबी बिचारीचा थोडा हात असेलही, पण म्हणून काही बिघडत नाही, थोडं थांबावं लागतं एवढंच. साधं नेहमीचं खाऊन पाठवा, वेळ हाताशी ठेवा, "अकराला परत यायचंय, गाडी खाली उभी आहे" अशी घाई करू नका. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर दर पाच मिनिटांनी डोकावून "झालं का, झालं का" विचारणारे नातेवाईक मी रोज बघते, आत टेबलावर झोपलेली मुलगी त्यानेच जास्त घाबरते. एक मात्र, तिला बराच वेळ उताणी झोपवून ठेवू नये, गर्भाशयाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर येतं आणि चक्कर येते, घाम फुटतो. थोडं डाव्या कुशीकडे वळवून, पाठीला उशी देऊन करतात, तिला गरगरलं तर लगेच बोलायला सांगा, लाजायचं नाही.

प्रश्न : बायकोला 36 आठवडे झालेत. विजयनगरच्या एका सेंटरवर रिपोर्ट आला की मेंदूच्या धमनीचा पीआय कमी आहे, "ब्रेन स्पेअरिंगची शक्यता". आम्ही हादरलो. दोन दिवसांनी आमच्या डॉक्टरांनी दुसरीकडे करून घ्यायला सांगितलं, तिथे सगळं नॉर्मल. दोन मशीन दोन उत्तरं. कोणावर विश्वास ठेवायचा?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, जरा सविस्तर लिहिते.

बाळाला वारेतून कमी ऑक्सिजन मिळायला लागला की शरीर हुशारीने वागतं, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणजे मेंदूला आधी मिळेल, ह्यालाच ब्रेन स्पेअरिंग म्हणतात. तेव्हा मेंदूच्या मधल्या धमनीचा, ज्याला रिपोर्टमध्ये एमसीए लिहितात, तिचा पीआय कमी होतो. नाळेत पीआय वाढला तर काळजी आणि मेंदूत कमी झाला तर काळजी, हे लोकांना उलटसुलट वाटतं पण असंच आहे. दोन्हींचा भागाकार करून सीपीआर म्हणून एक आकडा देतात, मेंदूचा पीआय भागिले नाळेचा पीआय. आता बघा, वरच्या आकड्यात थोडी गडबड आणि खालच्या आकड्यात थोडी गडबड झाली तर भागाकारात ती गडबड वाढतेच. त्यामुळे सीपीआरच्या एका आकड्यावर मी कधीच निर्णय द्यायला जात नाही.

36 आठवड्यांच्या आसपास बाळाच्या झोपेच्या अवस्था स्पष्ट व्हायला लागतात. 1982 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी त्यांची वर्गवारी केली, शांत झोप, हालचालीची झोप, जागं पण शांत, जागं आणि जोरात हलणारं. नंतर रॉटरडॅमला त्याच अवस्थांमध्ये डॉप्लर करून बघितलं तर शेवटच्या आठवड्यांतल्या निरोगी बाळांमध्येही हालचालीच्या झोपेत डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीचा पीआय शांत झोपेपेक्षा कमी आला. मेंदू तेव्हा जास्त काम करत असतो, त्याला रक्त जास्त लागतं, साधी गोष्ट आहे. नाळेच्या धमनीत मात्र ठोक्यांचा फरक वजा केला की झोपेच्या अवस्थेने विशेष फरक पडला नाही. म्हणजे तुमचं बाळ त्या दिवशी हालचालीच्या झोपेत असेल आणि सेंटरवाल्यांनी थांबून बघितलं नसेल, तर मेंदूचा पीआय कमी दिसणं आणि त्यावर "शक्यता" लिहिलं जाणं सहज होऊ शकतं. दुसऱ्या ठिकाणी शांत झोप मिळाली असेल. दोन्ही मशीन ठीक, दोन्ही आकडे त्या त्या क्षणाचे.

आणखी एक, प्रोब डोक्यावर जोरात दाबला तरी एमसीएचा आकडा बदलतो, तो बहुतेक वाढतो. हलणाऱ्या बाळाच्या मागे प्रोब दाबत दाबत गेलं की हेच होतं. म्हणून हात हलका ठेवायचा आणि वाट बघायची, ह्या कामात वाट बघणं हे कौशल्यच आहे असं माझं मत आहे आणि गर्दीच्या सेंटरमध्ये नेमकं त्यालाच वेळ नसतो.

तुम्ही विश्वास कोणावर ठेवायचा म्हणालात. दोन्ही रिपोर्टचे फोटो शेजारी ठेवून बघा, किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक फोटोवर लाटा असतात, त्या एकसारख्या उंचीच्या आहेत का, आणि बाळाचे ठोके किती होते तेही बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. ठोके 165 असताना काढलेला आणि 138 असताना काढलेला पीआय एका तराजूत ठेवायचा नाही. आणि बाळाची वाढ, बाळाभोवतीचं पाणी, बायकोचं बीपी हे सगळं बरोबर बघितल्याशिवाय कोणीच उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी घाबरून लगेच सिझर न करता आधी परत तपासायला लावलं, त्यांच्याकडेच राहा.

प्रश्न : माझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह, यांचा पॉझिटिव्ह, टेस्टमध्ये अँटीबॉडी आल्या म्हणून दर काही दिवसांनी डॉप्लर करतात, बाळाला रक्त कमी पडतंय का ते बघायला. त्यातही हलण्याने फरक पडतो का?
— एक वाचक, देवास

उत्तर : पडतो, आणि इथे तर जास्तच जपावं लागतं. बाळाचं हिमोग्लोबिन कमी झालं की रक्त पातळ होतं आणि मेंदूच्या धमनीतून वेगाने पळतं, म्हणून इथे पीआय नाही, थेट वेग मोजतात, सेंटिमीटर दर सेकंदात. त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याच्या 1.5 पटीच्या वर गेला की बाळाला बऱ्यापैकी रक्तक्षय असल्याची शंका धरतात. 2000 सालापासून ही पद्धत रुळली, त्याआधी पोटात सुई घालून गर्भजल काढून बघावं लागायचं.

पीआयमध्ये भागाकार असतो त्यामुळे प्रोब थोडा तिरका असला तरी वरचा-खालचा फरक एकमेकांत जातो. थेट वेगाला ती सवलत नाही, किरण धमनीच्या अगदी रेषेत पाहिजे, आणि बाळाने मान वळवली की रेष गेली, वेग खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय बाळ जोरात हलून ठोके वाढले असतील तर वेग वाढलेला दिसतो. म्हणून ह्या तपासणीत बाळ शांत असतानाच, तीन-चार वेळा घेऊन, आकडे जवळजवळ येतात का ते बघतात. तुम्हाला वेळ लागला तर लागू द्या.

प्रश्न : 22 आठवड्यांच्या सोनोग्राफीत "युटेराइन आर्टरीमध्ये नॉच" लिहिलंय. तेव्हाही बाळ हलत होतं. परत करून घेऊ?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ह्याच्यासाठी नको. ती धमनी तुमची आहे, बाळाची नाही, गर्भाशयाला रक्त देणारी. बाळाच्या उड्यांनी तिच्यात फरक पडत नाही, फार तर त्या वेळी पोट कडक झालं असेल, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावत असेल, तर पडतो. नॉच म्हणजे त्या धमनीच्या लाटेत दिसणारी छोटी खाच, तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, बीपी नियमित मोजा, गोळ्या दिल्या असतील तर बंद करू नका.

प्रश्न : इतक्यांदा डॉप्लर केल्याने बाळाला त्रास होत नाही ना? आणि दुसरं, मला 34 आठवडे झालेत, फुफ्फुसांची दोन इंजेक्शनं झाली आणि त्यानंतर बाळ कमी हलतंय. परवाच डॉप्लर नॉर्मल आलाय, मग निश्चिंत राहू का?
— एक वाचक, अन्नपूर्णा रोड, इंदूर

उत्तर : पहिल्याचं उत्तर छोटं. गरजेपुरता, शक्य तितक्या कमी पॉवरवर आणि कमी वेळ केलेल्या डॉप्लरने बाळाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत मात्र कारणाशिवाय करत नाहीत, कारण डॉप्लरचा किरण एका जागी धरला की थोडी उष्णता तयार होते. बाहेर थांबवून परत करण्याचं हेही एक कारण आहे, हलणाऱ्या बाळाच्या मागे वीस मिनिटं किरण लावून धरण्यापेक्षा शांत बाळावर दोन मिनिटांत काम होतं.

दुसऱ्याचं उत्तर, नाही, निश्चिंत राहू नका.

डॉप्लर वारेबद्दल सांगतो, त्या दिवसाबद्दल सांगतो. बाळाची हालचाल कमी होणं ही वेगळी खूण आहे आणि परवाचा चांगला रिपोर्ट तिला उत्तर नाही. फुफ्फुसांच्या स्टेरॉइड इंजेक्शननंतर दोन-चार दिवस बाळाच्या हालचाली आणि श्वास कमी होतात हे खरं आहे आणि त्याच दिवसांत नाळेचा डॉप्लर तात्पुरता चांगला दिसू शकतो हेही खरं आहे. पण हे ठरवायचं काम तुमचं नाही, घरच्यांचं नाही, माझंही इथे बसून नाही. ते दवाखान्यात, मशीन लावून ठरतं.

तिथे ते एनएसटी करतील, पोटाला पट्टे बांधून 20 मिनिटं ठोक्यांचा आलेख, बाळ झोपलेलं असेल तर 40 मिनिटं. गंमत बघा, ज्या हालचालीने डॉप्लरमध्ये आमचा वेळ जातो तीच हालचाल तिथे हवी असते, बाळ हललं आणि ठोके वाढले की सगळ्यांना बरं वाटतं. गरज वाटली तर सोनोग्राफीवर अर्धा तास बाळाकडे बघतात, त्यात बाळाने सलग 30 सेकंद श्वासाची हालचाल केली की त्याचे दोन मार्क, अंगाच्या हालचालींचे दोन, हातपाय आखडून परत सोडण्याचे दोन, पाण्याचे दोन, एनएसटीचे दोन. म्हणजे श्वास घेणारं बाळ डॉप्लरवाल्याला थांबवतं आणि इथे मार्क मिळवतं.

"शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" असं घरोघरी म्हणतात, आपल्याकडच्या आज्याही आणि शिकलेल्या मावश्याही. हे चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेच्या जागी वळणं-सरकणं जास्त जाणवतं, पण हालचाल कमी व्हायला नको. गोड खाऊन बघू, सकाळपर्यंत बघू, गुरुवार आहे तर उद्या जाऊ, असं करू नका. हा अंक हातात येईपर्यंत तुमचे दिवस पुढे गेले असतील, म्हणून तुम्हाला आधीच फोन करून हेच सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. कमी वाटलं की त्याच वेळी निघायचं, रात्र असली तरी, आणि जाताना आधीचे सगळे डॉप्लर रिपोर्ट फोटोंसकट बरोबर घ्यायचे, कारण ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आधीचा पीआय किती होता, तेव्हा ठोके किती होते आणि इंजेक्शन कोणत्या दिवशी दिलं हे लगेच बघायला मिळालं की पुढचं ठरवायला त्यांना सोपं जातं.